डाव्या खांद्याचा दस्ता

पेपरबार्क कॅम्प, पाइन क्रीकच्या वर
९ मार्च १९९४

रॉस,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की तसेच परत करायचे ते तू ठरव. सहा वर्षांपूर्वी तू शेवटचं लिहिलंस की तुला आता बहीण नाही. मी ते वाचलं आणि मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण कुणाला दाखवलं नाही. थोरल्या बहिणीला एवढं करावंच लागतं.

डेस गेल्याचं तुझ्या कानावर आलं असेल. गेल्या ऑगस्टमध्ये, सकाळी. तीस वर्षं रानरेड्यांसमोर उभा राहिलेला माझा नवरा चहात साखर ढवळता ढवळता गेला. चमचा कपातच होता. तुझं कार्ड आलं नाही. रुसून लिहीत नाही, आलं नाही म्हणून लिहिते.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या लग्नात तू डेसच्या मोठ्या रायफलीला खांद्याशी टेकवायचा अक्रोडाचा दस्ता करून दिला होतास, तो फुटला. मुठीच्या जरा पुढे, उभाच चिरला. चूक लाकडाची नाही. डेस रायफल कायम दस्त्यावर उभी करून ठेवायचा आणि वरून हात सैल सोडून तेल चोळायचा. ते तेल लोखंडातून खाली झिरपत लाकडात मुरत राहिलं. फुटल्यावर आत पाहिलं तर सरबतात भिजवलेल्या केकसारखं काळं आणि मऊ. तू त्याला दर वेळी सांगायचास, नळी खाली करून ठेव. तो म्हणायचा, "रॉसचं लाकूड आहे, त्याला काय धाड भरलीय." त्याचा तुझ्यावर एवढा विश्वास होता, आणि त्यानेच तुझं काम कुजवलं.

आता नवा दस्ता घ्यायचा आहे. ब्रिस्बेनच्या दुकानाचं रंगीत चोपडं समोर आहे आणि माझं डोकं भणभणतंय. एक काळा प्लॅस्टिकचा आहे, उचलायला हलका, पावसाने फुगत नाही. दुसरा लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेला, जड आहे म्हणे. तिसरा साधा अक्रोडाचा. आमच्याकडे दिवसभर उन्हात दलदल तुडवायची असते, तेव्हा हलका बरा, असं मला वाटतं. पण ती रायफल कशी लाथ मारते ते तुला ठाऊक आहे. एकदा तूच झाडली होतीस आणि आठवडाभर डाव्या हाताने सूप पीत होतास.

वापरणार आहे आमचा बार्नी. ट्रक चालवतो, माग काढतो, आणि डेसनंतर शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या मागे तोच उभा राहतो. पाहुण्याने पहिली गोळी झाडायची, आणि रेडा न पडता अंगावर आला तर मागच्या माणसाने तो थांबवायचा. त्याला एकच गोळी मिळते. तेवढ्यासाठी ती रायफल.

टेगन बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी तुझी लेक आहे म्हणून लिहिते. माझ्याबरोबर स्वयंपाकघर बघते.

तुझी,
नोलाताई


५ एप्रिल

रॉस,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, पाच ओळी. पण तुझ्या अक्षरातल्या, म्हणून मी त्या मीठदाणीखाली ठेवल्यात, येता जाता दिसतात.

"हलका घेऊ नको. बंदूक जेवढी हलकी तेवढी लाथ मोठी. प्लॅस्टिकचे पोकळ असतात, कानाशी डबा वाजवल्यासारखा आवाज होतो, माणूस आवाजालाच घाबरतो. अक्रोड तुमच्या दमट हवेत फुगेल. थरांचा घे. दुकानातून नको. मी करतो. मापं पाठव."

तू, आणि अक्रोड नको म्हणतोस. लाकडाला सरस लावून जोडणं म्हणजे सुतारकामाची फजिती, असं आपल्या वडिलांसमोर म्हणाला होतास, तेव्हा तुला मिशीही फुटली नव्हती. हे लिहिताना तुला किती गिळावं लागलं असेल ते मला कळतं. मी कुणाला सांगणार नाही.

मापं अशी. कोपर मोडून, कोपराच्या खोबणीपासून चापावरच्या बोटापर्यंत सव्वातेरा इंच. मान जरा लांब आहे. गालाचं हाड उंच. तळवा अरुंद, बोटं बारीक. आणि दस्ता डाव्या खांद्याचा हवा.

तू म्हणशील, बार्नीला हे काय झालं. तर त्याचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यात निखळला, तेव्हापासून तो डावीकडून झाडतो. हाताचं म्हणशील तर वय झालं की माणूस थोडा आटतोच. मीही आटले आहे.

जूनच्या सहा तारखेला पहिले पाहुणे येतात. त्याआधी मिळाला तर फार उपकार होतील.

नोलाताई

ता. क. घाई आहे, पण घाई करू नको. तुला कळलं मला काय म्हणायचंय ते.


२ मे

रॉस,

तुझा कागद आला. त्यावर एवढंच. "साठीच्या बार्नीला अशी मान असेल तर त्याला सर्कशीत पाठव. आपल्या घरात आईनंतर डावखुरं एकच माणूस झालं. नाव लिही."

लिहिते. टेगन.

आता रागावून घे, मग पुढचं वाच.

ती स्वयंपाकघर बघत नाही. तिने निखाऱ्यात भाजलेला डँपर पाव बार्नीच्या कुत्र्याने पुरून ठेवला होता. सहा वर्षांपूर्वी तुझ्याकडून इकडे आली त्याच वर्षी डेसच्या मागे मागे रानात जायला लागली आणि मी तिला अडवलं नाही. रेड्याचा माग ती बार्नीच्या आधी वाचते. डेस गेला त्या महिन्यातले पाहुणे तिनेच सांभाळले, डेसची रायफल घेऊन, डेसच्या दस्त्यावर. आणि डेसचे हात कसे होते, लांबलचक, ओरांगउटान माकडासारखे. ती रायफल खांद्याला लावली की तिचा गाल पुढे ताणला जायचा. शिवाय तो दस्ता तू उजव्या खांद्यासाठी बाहेर वाकवलेला. डावीकडून लावला की तो वाक बरोबर गालात येतो. दर गोळीला तिला थोबाडीत बसायची. महिनाभर ती गालाची डावी बाजू माझ्यापासून लपवत जेवली.

मापं कशी घेतली ते ऐक. तिला सांगितलं, तुझ्यासाठी स्वेटर विणते.

"आत्या, इथे स्वेटर? इथे मगरी सावली शोधतात."

"कधी थंडीच्या गावी जावंच लागलं तर?"

"कुठल्या थंडीच्या गावी?" असं म्हणून माझ्याकडे अशी पाहायला लागली की माझी टेप खाली पडली. मग म्हणाली, "बाबांकडे मी जात नाही. आणि बोटांचं माप कशाला? बाह्यांना बोटं पण काढतेस की काय?"

बार्नी दारात बसून चिलीम भरत होता. म्हणाला, "टाक गं मापं देऊन. म्हातारीचं मन रमतंय."

म्हणजे तुला कळलं का, मी दोन्हीकडे खोटं बोलले. तुला सांगितलं असतं तर तू केला नसतास, आणि तिला सांगितलं असतं तर तिने तुझ्या हातचा लावला नसता. तुम्ही दोघं एकाच लाकडाचे. मला मधे सरस म्हणून राहावं लागतं.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. तिने रायफल खाली ठेवावी, माणसांसारखं काहीतरी काम करावं. मुलीला कुणी रेड्यासमोर उभं करतं का, असं तू मला त्या शेवटच्या पत्रात लिहिलं होतंस. पण रॉस, ती उभी राहणार आहेच. तू दस्ता केलास तरी आणि नाही केलास तरी. एवढंच, की दस्ता तिच्या अंगाचा नसेल तर एक दिवस ती वेळेवर झाडणार नाही, आणि मग पाहुण्याआधी रेडा तिच्यापर्यंत पोचेल. तुझ्या हातात तेवढं आहे. म्हणून मी पदर पसरते.

आणखी एक लिहिते, ते वाचून शिव्या दे. तुझं उत्तर येईल न येईल, म्हणून मी ब्रिस्बेनचा तो काळा प्लॅस्टिकचा मागवून बसवला. तात्पुरता. त्याची लांबी तिला बरोबर आहे आणि तो कुठेच वाकलेला नाही, त्यामुळे गालाला लागत नाही. लाथ मात्र दुप्पट आहे. खांदा जांभळा झालाय. मी तिला म्हटलं, सवयीने होईल, रोज संध्याकाळी थोडं थोडं झाड. करते बिचारी. मी पायरीवर बसून मोजते आणि आली की बर्फ लावते.

नोलाताई


२७ मे

रॉस,

तुझी चिठ्ठी मंगळवारी टपालाच्या गाडीने आली. "करतोय. तिचा सराव आजच्या आज बंद कर. खांद्याला सवय होत नसते, डोक्याला होते, आणि ती वाईट होते. छोट्या बंदुकीवर ने. मोठीला हात लावू देऊ नको." तारीख तेरा मेची. वरच्या नदीला उशिराचं पाणी आलं म्हणून गाडी अडकली होती. मंगळवारच्या आधी शनिवार येऊन गेला होता.

शनिवारचं सांगते. मी तिथे नव्हते. बार्नीने टोपी काढून, टेबलावर ठेवून सांगितलं तसं लिहिते. तो घरात टोपी काढत नाही, म्हणून तो काही बोलण्याआधीच मी खुर्ची ओढून बसले होते.

हॅनोव्हरचा एक दंतवैद्य ठरल्या वेळेआधी आला होता. सभ्य माणूस, दर जेवणानंतर माझ्या दातांकडे बघायचा. त्याने रेड्याला पोटात मारलं. रेडा उंच गवतात गेला. मग जे करायचं असतं ते केलं, थांबले, आणि आत गेले. टेगन दंतवैद्याच्या डावीकडे एक पाऊल मागे. बार्नी लंगडत बराच मागे, कारण त्याचं कंबरेचं हाड आता त्याचं राहिलेलं नाही. रेडा चाळीस पावलांवरून आला. दंतवैद्याने बंदूक टाकली आणि खाली बसला.

टेगनने वेळेवर झाडली. पण गोळी रेड्याच्या बरीच अलीकडे मातीत गेली. धुळीचा लोट उठला आणि रेडा त्यातून बाहेर आला. बार्नीने बाजूने झाडली, नशिबाने मानेत लागली. रेडा पडला तेव्हा त्याचं नाक तिच्या बुटाला लागत होतं.

बार्नी तिला म्हणाला, "मातीने तुझं काय घोडं मारलं होतं?"

एरवी ती त्याला दोन शिव्या जास्त देते. तेव्हा पट्टा खांद्यावरून काढला आणि रायफल त्याच्याकडे दिली.

तुला आमच्याकडची रीत ठाऊक नसेल. हंगामाच्या पहिल्या दिवशी, पाहुणे यायच्या आत, ज्याला ज्याला मागे उभं राहायचं आहे त्याची परीक्षा होते, सगळ्यांसमोर. दुसऱ्याने काडतुसं भरायची. त्यात काही खरी, काही मुकी, म्हणजे दारू नसलेली. झाडणाऱ्याला माहीत नसतं कुठलं कुठे आहे. मुक्या काडतुसावर नुसता टक् आवाज होतो. हात स्वच्छ असेल तर नळी जागची हलत नाही. मनात लाथेची भीती बसली असेल तर लाथ यायच्या आधीच अंग आखडतं, डोळे मिटतात आणि नळी पाणी प्यायला वाकल्यासारखी खाली जाते. आम्ही त्याला दचक म्हणतो. ज्याची नळी वाकली तो त्या वर्षी मागे उभा राहत नाही. डेस स्वतः दर वर्षी द्यायचा. एका वर्षी त्याच्या सख्ख्या मित्राची नळी वाकली, तेव्हा त्याने त्याला बिअर पाजली, पाठीवर हात ठेवला आणि बसने घरी पाठवलं.

रविवारी बार्नीने टेगनला मुकी काडतुसं भरून दिली. दोघंच गेले होते. तो परत आला आणि मला म्हणाला, "तिची नळी वाकते. तुमच्या त्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याने केलं हे."

माझ्या डब्याने, रॉस. आणि माझ्या संध्याकाळच्या सरावाने. मी मोजत बसायचे ना.

पण तिने धीर सोडलेला नाही. म्हणते, दस्त्यात दोष आहे, बदलला की जाईल. पाहुण्यांना एक आठवडा पुढे ढकललंय, परीक्षा बारा तारखेला. डब्याला हात लावू देत नाही मी आता, छोट्या बंदुकीने बाटल्या फोडते आहे, आणि त्यात तिचा हात अजून देवाने दिलेला आहे. तेव्हा तुझा दस्ता लवकर येऊ दे. तिचं सगळं त्याच्यावर आहे. तिला दुसरं काही येत नाही असं नाही, पण तिला दुसरं काही नको आहे, आणि ते मी तुला पटवून देऊ शकत नाही, तुझ्याकडे बारीक रंधा असताना तुला कुणी बँकेत बसवलं असतं तर कसं, एवढं फक्त मनाशी धर.

नोलाताई


१४ जून

रॉस,

दस्ता आठ तारखेला पोचला. तू सोबतच्या चिठ्ठीत खाली पेन्सिलने विचारलंस, "कसा बसला ते खरं लिही." याआधी मी तुला इतकं खोटं लिहिलंय, की या पत्रात एकही खोटं घालायचं नाही असं ठरवून बसले आहे. म्हणून हे जरा लांबेल.

मी तो गोणपाटातून काढला तेव्हा आधी वजनानेच हात खाली गेला. मग उजेडात धरला. तांबूस आणि राखाडी थर, मुठीपाशी ते गोल वळलेले, नदीच्या तळाच्या गाळासारखे. सांधा कुठे आहे ते नखाने शोधलं, सापडलं नाही. मागची रबरी गादी माझ्या अंगठ्याहून जाड. मागच्या बाजूला तू शिसं भरलंयस ते बार्नीला कळलं, तो म्हणाला, या माणसाने लाथेला बुडाशीच बांधून ठेवलंय. गालाखालची धार सरळ ठेवलीस, म्हणजे धक्का वर तोंडात न येता सरळ मागे जावा. आणि लोखंड जिथे लाकडाला रेटतं तिथे आडवे दोन बोल्ट, पुन्हा फुटू नये म्हणून. हे सगळं मला बार्नीने बोट ठेवून दाखवलं. मला फक्त एवढं दिसलं, की कुणीतरी रोज रात्री जागून कुणासाठी तरी काहीतरी केलंय.

मी सव्वातेरा लिहिले होते, तू पाऊण इंच वाढवलास आणि चिठ्ठीत कारण लिहिलंस. "विणकामाच्या टेपने, स्वेटरच्या नावाखाली घेतलेलं माप आखूडच येणार." बार्नीने मोजलं आणि हसला. मी चिठ्ठी खिशात सरकवली.

दहा तारखेला तिने लावून पाहिला. अंगणात उभी राहिली, डोळे मिटले, रायफल खांद्याला नेली आणि उघडले. नजर बरोबर रायफलीवरच्या दुर्बिणीच्या मधोमध. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कपडे घातल्यासारखा बसला होता तो.

"कुठून आणला, आत्या?"

"दुकानातून."

"ब्रिस्बेनच्या?"

"हो."

तिने मुठीवरून बोट फिरवलं. जिथे तिचा अंगठा येतो तिथे तू थोडंसं खोलगट केलंयस, ते तिला सापडलं. बराच वेळ तिथेच बोट. मग म्हणाली, "ब्रिस्बेनच्या दुकानदाराला माझी मान कशी माहीत?" तिला कळलं, रॉस. आणि कळूनही तिने तो खाली ठेवला नाही. सहा वर्षांत तुमच्या दोघांत घडलेली एवढीच गोष्ट आहे, ती तुला सांगायलाच हवी म्हणून लिहिली.

मग तीन खऱ्या गोळ्या झाडल्या. मी कान झाकून घेतले होते. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर डेस गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं. म्हणाली, "आत्या, हा मारत नाही. ढकलतो. मोठ्या कुत्र्याने प्रेमाने अंगावर यावं तसा." तिन्ही भोकं एका बशीखाली झाकली जातील इतकी जवळ. त्या संध्याकाळी तिने डबाबंद पीच उघडले आणि बार्नीला आणि मला वाढले, स्वतः डबा खरवडला. मी झोपले ती किती दिवसांनी झोपले.

बारा तारखेला परीक्षा.

मला वाटलं होतं बार्नी थोडं सांभाळून घेईल. त्याने नाही घेतलं, आणि मी त्याला दोष देत नाही, दंतवैद्याच्या मागे तो उभा होता, मी नव्हते. पाच काडतुसं भरली. पहिलं खरं. मध्यावर लागलं. दुसरं मुकं होतं. टक् झालं आणि नळी खाली गेली.

थोडीशी नाही. चांगली वाकली.

तिने काडतूस बाहेर काढलं, पुढचं सरकवलं. खरं. बाहेरच्या वर्तुळात, खाली. चौथं मुकं. पुन्हा वाकली. पाचव्याच्या आधी तिने खूप वेळ घेतला, श्वास सोडला, गाल तुझ्या लाकडावर टेकवला आणि अगदी हळू चाप ओढला. मुकंच होतं. मी बाजूला बसले होते, मला तिचा डोळा दिसत होता. टक् व्हायच्या आधीच तो घट्ट मिटला होता, लहान मूल सुई टोचून घेताना मिटतं तसा.

दस्त्यात काही उणं नाही, हे तू माझ्याकडून ऐक. बार्नी त्याच रायफलीवर, उलट्या खांद्याने झाडून बघायला गेला आणि म्हणाला, असं काम त्याने जन्मात पाहिलं नाही. दोष दस्त्याआधीच आत शिरून बसला होता. मी रोज संध्याकाळी पायरीवर बसून तो तिच्यात भरत होते, आणि तुझं लाकूड आलं तेव्हा जागा भरलेली होती. डेस म्हणायचा, दचक आत गेली की ती लाकडाचं ऐकत नाही, मग बंदूक कापसाची केली तरी. मी ते ऐकलं होतं. पण दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं होतं.

तिने मुकी काडतुसं मातीतून वेचली, फुंकून साफ केली आणि बार्नीच्या हातात दिली. तो काहीतरी म्हणायला गेला, पुढच्या वर्षी वगैरे. ती म्हणाली, "नको, बार्नी. तूच मला शिकवलंस ना नळी बघायला." मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आत्या, दस्त्याला कुणी काही बोलायचं नाही." आणि दुपारभर ट्रक धुतला. आमचा ट्रक कुणी कधी धुतलेला नाही. धुळीखाली कसला रंग होता ते आम्हाला परवा कळलं.

पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलं. बार्नीचं हाड असं, माझं वय हे, आणि तिच्याशिवाय मागे उभं राहायला कुणी नाही. हा कॅम्प म्हणजे मागे उभं राहणारं माणूस, बाकी सगळं तंबू आणि पत्रा. जमिनीची मालकीण डल्सी काल भेटायला आली होती. तिच्या माणसांनी डेसला इथे यायला परवानगी दिली तेव्हापासून आमची ओळख. चहा प्यायली, टेगनकडे पाहिलं, मला म्हणाली, "तिला इथे बसवून ठेवू नकोस. ही दलदल तिला रोज विचारेल." मग टेगनला घेऊन मासे धरायला गेली. संध्याकाळी दोघी आल्या तेव्हा बारामुंडी एक आणि शब्द एकही नाही.

रायफल बार्नीने कपाटात ठेवली, नळी खाली करून. दस्ता मात्र काढून ठेवलाय, तिने काढून मागितला. तिच्या खोलीत आहे. काय करते त्याचं मला ठाऊक नाही, काल दाराच्या फटीतून दिसलं, मांडीवर आडवा घेऊन बसली होती, त्या खोलगट जागी अंगठा ठेवून.

पुढे काय ते तिने ठरवलेलं नाही. कदाचित डार्विनला जाईल, कदाचित तुझ्याकडे येईल. मी तिला काही सुचवलेलं नाही, माझं सुचवणं तिला आता पुरे झालं असेल. पण आली, तर दार उघड, आणि तिच्या खांद्याकडे बघू नको. डावा अजून पिवळा आहे.

आणि तुला जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं ते आता सांगते. तुला हवं होतं ते झालं, रॉस. सहा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास तिने बंदूक खाली ठेवावी, तिने ठेवली. आता ती रेड्यासमोर कधी उभी राहणार नाही, तू रात्री निवांत झोप. तुझ्या जागी मी असते तर मलाही सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि ते वाटण्यात पाप नाही. पण तू तिला उभी पाहिली नाहीस. मी पाहिली आहे. गवत हललं की ती अशी स्थिर व्हायची की तिच्या टोपीवरची माशीही उठायची नाही. ते आता कुणालाच दिसणार नाही, तिला स्वतःलाही नाही.

म्हणून तिला पत्र लिहिशील, किंवा ती दारात उभी राहील आणि तुझ्या तोंडाशी शब्द येतील, तेव्हा दुसरं काहीही बोल, हवामानाचं बोल, अक्रोडाचं बोल, मला शिव्या दे. फक्त बरं झालं म्हणू नको.

नोलाताई